गुडघ्याचं बाळंतपण

त्या साली मंगळवेढ्याच्या काळ्या रानात सगळ्यांचा जोंधळा एका आठवड्यात पिकला. पेरण्या मागंपुढं झालेल्या, पण पौषातल्या थंडीनं मागच्या पिकानं पुढच्याला गाठलं, आणि माघ उजाडला तसा जो तो काढणीसाठी माणूस शोधत हिंडायला लागला. ज्ञानबाच्या रानात कानडी मुलखातून आलेल्या सहा बाया होत्या, त्याही चार दिवसांच्या बोलीवर. पाचव्या दिवशी त्या शेजारच्या रानात जाणार होत्या. म्हणून घरातल्या कुणालाच सुटका नव्हती. पुरुष ताटं मुळासकट उपटून ओळीनं आडवी टाकत, आणि बाया उकिडव्या बसून कणसं मोडत मोडत पुढं सरकत.

ज्ञानबाची बायको दगडाबाई साठीला टेकली होती. चार वर्षांपासून तिचे गुडघे सुजत होते. उकिडवं बसलं की आधी कळ यायची, मग पाय बधिर व्हायचे, आणि उठताना पुन्हा कळ. म्हणून ती उठतच नसे. पाण्याचा तांब्यासुद्धा सुनेनं हातात आणून द्यायचा. मोडता मोडता तिची नजर सारखी बांधाकडं जायची.

बांधावर बाभळीच्या सावलीत तिची धाकटी जाऊ मुक्ताबाई खुर्चीवर बसली होती. उजवा पाय समोर ताठ, टाचेखाली पोत्याची घडी. तिला काम एकच, पाखरं हाकायचं. ते ती बसल्या जागेवरून करी, आणि वाटेनं कुणी चाललं की त्याला थांबवून गुडघा दाखवी. त्या गुडघ्यात लोखंड आहे हे पाच गावांत झालं होतं. लुगड्याचा काठ वर घेऊन ती वीतभर व्रण दाखवायची आणि सांगायची, घासलेलं हाड कापून काढलं, तितं लोखंड बशिवलं, मधी पलाष्टिक घातलं. ऐकणारा तोंडात बोट घाली. मग ती दगडाबाईकडं हात करी.

"पर मला उठिवली ती माझ्या जावेनं. सव्वा महिना भुईला पाय लागू दिला न्हाय. सख्खी आय करनार न्हाय आसं केलं."

एवढं ऐकलं की दगडाबाईचा हात कणसावर थांबायचा. कानडी बायांतली गुरम्मा जिभेची तिखट होती. तिनं पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "मग गुडघ्याला काय झालं म्हनायचं? पोरगा का पोरगी?" तेव्हापासून त्या बायांत मुक्ताबाईचं नाव बाळंतीण पडलं होतं, आणि दगडाबाईचं सुईण.

चाळीस वर्षं दोघी एका चुलीवर जेवत होत्या. एकाच जात्याला समोरासमोर बसल्या, एकाच विहिरीच्या पायऱ्या उतरल्या. थोरली म्हणून भरलेली घागर दगडाबाईच्या डोक्यावर आणि रिकामी मुक्ताच्या कमरेवर, हेही ठरलेलं. पण मुक्ताचा हिंदुराव शिकला, पुण्याला मोठ्या दवाखान्यात कामाला लागला. तिथं परदेशात शिकून आलेला डॉक्टर हा नवा गुडघा बसवायला लागला, आणि हिंदुरावनं आईचा नंबर लावला. दगडाबाईचा भीमा रानातच राहिला, गुणाचा, पण रानातच. आपल्या वाट्याला नवा गुडघा आला नाही याचं तिला दुःख नव्हतं असं नाही. त्याहून मोठं दुःख मुक्ताच्या वाट्याला आला याचं होतं.

चंपाषष्ठीच्या आधी आठ दिवस मुक्ताबाईचं ऑपरेशन झालं. वीस दिवसांनी हिंदुराव तिला घेऊन आला तेव्हा ती काठी टेकत स्वतः उंबरा ओलांडून आत आली होती, आणि तिचा गुडघा खुर्चीत बसताना चांगला वाकत होता. हिंदुरावची रजा संपलेली. जाताना त्यानं दगडाबाईला परसात नेऊन समजावलं. रोज सकाळ-संध्याकाळ गुडघा वाकवायचा, दहा दहा वेळा. आई ओरडेल, शिव्या देईल, तरी सोडायचं नाही. तिला लिहिता-वाचता येत नाही म्हणून त्यानं एका कागदावर चित्रं काढून दिली, हात कुठं धरायचा, पाय कुठवर आणायचा.

पहिल्या सकाळी दगडाबाईनं एक हात मांडीखाली घातला, दुसऱ्यानं घोटा धरला आणि पाय मागं दाबला. मुक्ताबाईनं असा टाहो फोडला की शेजारची माणसं भिंतीवरून डोकावली. कोंडीबा, तिचा नवरा, गोठ्यातून पळत आला. कापलेल्या माणसाला छळता काय, म्हणाला. भिंतीवरची एक म्हातारी म्हणाली की हाड कापलेली बाई आणि ओली बाळंतीण एकच. तिला सव्वा महिना बाज, शेगडी आणि डिंकाचे लाडू, दुसरं औषध नाही. सगळ्यांनी माना हलवल्या. दगडाबाईनं हात काढून घेतले.

तेव्हा तिला काहीतरी बरं वाटलं. काय ते तिनं स्वतःशीसुद्धा बोलून पाहिलं नाही. कागद घडी करून पेटीत तळाशी ठेवला आणि बाज घातली. बाजेखाली शेगडी ठेवली, मुक्ताच्या कानाला फडकं बांधलं. रोज दोन लाडू, शेपूची भाजी, कढत पाणी. मुक्ता उठते म्हणाली तरी उठू दिलं नाही. गाव म्हणालं, जाऊ असावी तर अशी. सव्वा महिना झाला, बाज उचलली, आणि मुक्ताबाई उभी राहिली तेव्हा तिचा पाय काठीसारखा झाला होता. पण ठणका गेला होता, चालताना कळ येत नव्हती. लोखंड आहे, ते कुठं वाकायचं, असं ती म्हणाली, आणि सगळ्यांना ते पटलं.

मोडणीच्या चौथ्या दिवशी दगडाबाई उठताना तोंडावर पडली. गुरम्मानं काखेत हात घालून तिला उभी केली. बांधावरून मुक्ताबाई म्हणाली, "आक्का, तुमी बी लोखंडाचा बशिवून घ्या की आता."

ती मायेनंच म्हणाली असेल. पण त्या रात्री दगडाबाई जेवली नाही, आणि सकाळी भीमाला म्हणाली, मला सोलापूरला ने. मला पण करायचाय.

काढणी अर्धी पडली होती, तरी भीमानं जायची तयारी केली. दोघं दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एस.टी.नं गेले. हाडांचे डॉक्टर वयस्क होते, सावकाश बोलणारे. त्यांनी गुडघ्यांचा एक्स-रे फोटो काढून ओलाच उजेडात धरून पाहिला, फिल्म वाळली की घेऊन ये म्हणून भीमाला त्या खोलीत पाठवलं, आणि दगडाबाईला बाकावर आडवं करून दोन्ही गुडघे वाकवून, हलवून पाहिले. कुठं दुखतं, किती चालल्यावर दुखतं, झोपेत दुखतं का, असं विचारलं. मुक्ताबाईच्या तोंडून दोनशे वेळा ऐकलेलं दुखणं दगडाबाईला पाठ होतं. तिनं तेच सांगितलं. झोपेतून कळ उठवते, पाच पावलं टाकता येत नाहीत, पाय धनुष्यासारखा वाकडा झालाय.

डॉक्टरांनी तिचे पाय बघितले. ते सरळ होते. तोंड उघडायला लावून त्यांनी किडलेली दाढ पाहिली आणि म्हणाले, पुढंमागं ऑपरेशन करायचंच ठरलं तर आधी ही दाढ काढावी लागेल. तोंडातला पू रक्तातून नव्या सांध्यात जाऊन बसतो, मग सगळं काढून टाकायची वेळ येते. लघवी तपासून साखर बघावी लागेल. आणि नवा सांधा म्हणजे जन्माचा नव्हे. दहा वर्षं टिकेल, बारा टिकेल, आम्हालाही अजून नक्की ठाऊक नाही. झिजला तर पुन्हा कापणं पहिल्यापेक्षा अवघड. तुमचा गुडघा अजून तिथवर गेलेला नाही. उजव्या गुडघ्याला ठणका असेल तर काठी डाव्या हातात धरा, मांडीचे स्नायू रोज आवळून सोडा, चूल ओट्यावर घ्या, उकिडवं बसणं सोडा.

"मोडनी कोन करनार मग?" दगडाबाईनं विचारलं.

"ऑपरेशन केलं तरी तुम्ही करणार नाही," डॉक्टर म्हणाले. "त्या गुडघ्यानं उकिडवं बसायचं नाही, मांडी घालायची नाही. ठणका जातो आजी, पण जमिनीवर बसणंही जातं. हे आधी कुणी सांगत नाही."

दगडाबाईला ते नीट ऐकूच आलं नाही. आपला गुडघा तिथवर गेलेला नाही, हेच तिला लागलं होतं. दुखण्यातसुद्धा धाकटी आपल्याला मागं टाकून गेली. ती हट्टानं म्हणाली की माझ्या जावेचा केलाय, मग माझा का नाही.

डॉक्टरांनी चष्मा काढला. जावेचा किती वाकतो, असं विचारलं. दगडाबाईनं हाताचा कोन करून दाखवला, जवळजवळ सरळच.

"दवाखान्यातून आली तेव्हाही इतकाच?"

तिनं कोन केलेला हात पदराखाली घेतला.

"ऑपरेशन हे निम्मं काम," डॉक्टर म्हणाले. "उरलेलं निम्मं पुढच्या दीड महिन्यात घरी करायचं असतं. माणूस रडतं, ओरडतं, तरी वाकवावा लागतो. तुमचा करायचा म्हणालात तर मी पहिलं हे विचारीन. तुम्ही बोंब मारल्यावर हात ढिला सोडणार नाही असं घरात कोण आहे?"

दगडाबाईच्या डोळ्यांपुढं एकच तोंड आलं, मुक्ताचं. तिनं पदरानं घाम पुसला आणि न वाकवलेल्याचं काय होतं ते विचारलं. आत जाळं धरतं, डॉक्टर म्हणाले. तीन महिन्यांच्या आत नेलं तर भूल देऊन एका झटक्यात ते मोडता येतं, आणि पुन्हा पहिल्यापासून वाकवायला लागायचं. उशीर केला तर ते जाळं चिवट होतं. मग झटका दिला तर हाडच मोडायचं.

भीमा फिल्म घेऊन आला तेव्हा बोलणं संपलं होतं. वाटेत त्यानं विचारलं, काय म्हणाले. काठी घ्या म्हणाले, एवढंच ती बोलली.

मुक्ताबाईच्या ऑपरेशनला शिवरात्रीला तीन महिने भरत होते. मधे अकरा दिवस होते.

ते दिवस दगडाबाईनं कामात घातले. ती पुन्हा मोडणीला बसली. कधी वाटे, सांगून टाकावं. कधी वाटे, का सांगावं? मुक्ताला काय कमी आहे? ठणका गेला, खुर्ची मिळाली, माणसं बघायला येतात. एक पाय ताठ राहिला तर काय बिघडलं. आपलेही दोन दुखतातच की.

पण आता तिला मुक्ताबाईचा तो पाय सारखा दिसायला लागला. सांजेला घरी जाताना कोंडीबा आणि भीमा मुक्ताबाईला उचलून गाडीत बसवत. पाय गाडीबाहेर आडवा यायचा. एकदा समोरून दुसरी गाडी आली, तिच्या चाकाला पाय लागता लागता राहिला. कोंडीबानं बैलांचे कासरे ओढले आणि चारचौघांत म्हणाला, "ह्याच्यापरीस लंगडी हुती तवाच बरी हुती. गाडीत तरी मावत हुती." गाडीवान हसला. मुक्ताबाईही हसली, आणि घरापर्यंत लुगड्याचा काठ गुडघ्यावर ओढून धरून बसली.

दुसऱ्या दिवशी दगडाबाईनं तिला परसात पाहिलं. मुक्ताबाई दगडावर बसून पाय धूत होती. हात टाचेपर्यंत पोचत नव्हता. झाडाला पाणी घालावं तसं ती लांबून तांब्यानं आपल्याच पायावर पाणी फेकत होती. बोटांमधला चिखल काही निघेना. तिनं इकडंतिकडं बघितलं, काठीच्या टोकाला फडकं गुंडाळलं आणि त्यानं बोटं पुसली. दगडाबाई दाराआड सरकली. सुनेला हाक मारायचं तिच्या मनात आलं, पण हाक मारली तर मुक्ताला कळलं असतं की कुणीतरी बघितलं.

शिवरात्रीला पाच दिवस उरले तेव्हा कणसं खळ्यावर येऊन पडली होती. कानडी बाया गेल्या होत्या. पुरुष कडब्याची गंजी रचायला दुसऱ्या टोकाला गेले. दुपारी खळ्यावर दोघीच, मुक्ताबाई खुर्चीवर आणि दगडाबाई खाली, कणसांच्या ढिगाला टेकून.

"मुक्ते, तुजा गुडघा वाकनारा हुता," दगडाबाई म्हणाली.

मुक्ताबाईनं तिच्याकडं पाहिलं.

"हिंदुरावनं मला सांगिटलं हुतं. रोज वाकवा म्हनून. कागुद बी दिल्ता."

"मला बी म्हनला हुता की तो. पर मी वरडले, आन तुमी सोडलं. मया आली तुमाला, आक्का. मला बी तवा बरंच वाटलं की."

इथं थांबता आलं असतं. हेच कारण सव्वा महिना सगळ्या गावानं तिच्या हातात आणून दिलं होतं. दगडाबाईनं एक कणीस उचललं, त्याचे दाणे अंगठ्यानं चोळले, खाली टाकलं.

"मया न्हाय आली," ती म्हणाली. "तू तशीच ऱ्हावीस वाटलं."

पाखरांचा एक थवा ढिगावर उतरला. मुक्ताबाईनं त्यांना हाकललं नाही.

"आन लाडू करून घातलंस मला," ती म्हणाली. चाळीस वर्षांत ती थोरल्या जावेला पहिल्यांदाच अगं-तुगं करत होती. "रोज दोन."

"व्हय."

"मी समद्या गावाला सांगत सुटले, माझी जाऊ, माझी जाऊ म्हनून."

दगडाबाईनं मान वर केली नाही. मुक्ताबाई काठीनं भुईवर टोचत राहिली. मग म्हणाली, "आता तुजा कवा करनार? जा की तू बी पुन्याला. मी हाय की हितं, तुजा सव्वा महिना करायला."

ते दगडाबाईनं पदरात घेतलं. मग तिनं डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं. भूल, जाळं, शिवरात्र. मुक्ताबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच गोष्ट मागितली.

"हिंदुरावला तू सांगायचंस. तुज्या तोंडानं. समद्यांच्या म्होरं."

भीमानं मंगळवेढ्याला जाऊन तार केली. दुसऱ्या दिवशी दुपारी हिंदुराव आला. जेवणं झाल्यावर, ताटं उचलायच्या आधी, दगडाबाई दाराशी उभी राहिली आणि तिनं सांगितलं. फार शब्द लागले नाहीत. ज्ञानबा भिंतीकडं बघत राहिला. कोंडीबा हात न धुता उठला आणि बैलांकडं गेला. त्या दिवशी बोंब मारत तोच आला होता, पण ते कुणी काढलं नाही. भीमाचे कान लाल झाले होते. दगडाबाईनं पेटीतून कागद काढून हिंदुरावच्या पुढं ठेवला. घड्यांवर तो झिजला होता, पण चित्रं जशीच्या तशी होती.

"थोरले आई," हिंदुराव म्हणाला, "शाळेतल्या पोराला कळंल अशी काढली हुती मी."

त्यानं कागदाची घडी केली आणि खिशात घातला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुण्याला जायला गाडीत बसताना मुक्ताबाई म्हणाली, हिला पण घ्या. दवाखान्यातल्या बाईनं कसं धरायचं ते हिला दाखवायचं आणि घरी हिनंच धरायचं, दुसऱ्या कुणाचा हात मी लावून घेणार नाही. कोंडीबा नको म्हणाला. हिंदुरावलाही ते पसंत नव्हतं. पण भीमाच्या बायकोचा हात पहिल्या टाहोला ढिला पडला असता हे सगळ्यांना ठाऊक होतं.

पुण्यात भूल देऊन गुडघा वाकवला. दगडाबाई दाराबाहेर बसली होती. आतून जाड कापड फाटावं तसा आवाज आला आणि तिनं डोळे मिटले. पंधरा दिवस तिथं राहून दोघी परत आल्या तेव्हा खळं झालं होतं, रानं रिकामी पडली होती, उन्हं तापायला लागली होती.

या वेळी बाज घातली नाही. सकाळी गोठा झाला की मुक्ताबाई खुर्चीत बसे आणि दगडाबाई तिच्यापुढं भुईवर. एक हात मांडीखाली, दुसरा घोट्यावर. भिंतीवरची म्हातारी पहिल्या दिवशी डोकावली, दुसऱ्या दिवशी नाही. मुक्ताबाई ओरडायची, आणि ओरडता ओरडता चाळीस वर्षांचं सगळं काढायची. लग्नात दगडाबाईनं दडवलेलं लुगडं, हिंदुराव तान्हा असताना न दिलेलं दूध, सासूपाशी लावलेल्या चहाड्या. काही खरं होतं, काही नव्हतं. दगडाबाई हात ढिला सोडत नसे. दहा मोजायचे, सोडायचं, पुन्हा दाबायचं. बाकीचा दिवस दोघी एकमेकींशी बोलत नसत, आणि मुक्ताबाई पुन्हा कधी ‘तुमी’वर आली नाही.

गुढीपाडव्याच्या दोन दिवस आधी मुक्ताबाईचं पाऊल खुर्चीच्या पायांच्या मागं गेलं. पुण्याच्या डॉक्टरांनी खुणेनं दाखवलं होतं तेवढं झालं. एवढं झालं की पुरे, पायरी चढता येईल, गाडीत बसता येईल, असं ते म्हणाले होते.

दगडाबाई गुडघ्यांवर टेकलेली. तिचे स्वतःचे गुडघे भुईवर करकरत होते, जात्यात खडा आल्यासारखे. हाताखालचा गुडघा मात्र आवाज न करता फिरत होता. उद्या याच गुडघ्यानं ही उंबरा ओलांडेल, गाडीत नीट बसेल, आणि आपल्याला उठायला भिंत धरावी लागेल. जे तिला मार्गशीर्षात, त्या पहिल्या सकाळी वाटलं होतं, तेच पुन्हा मनात आलं, तेवढंच. कमी झालं नव्हतं. हात इथं सोडला असता तर कुणी बोल लावला नसता. दाखवलं होतं तेवढं झालं होतं.

मुक्ताबाईच्या कपाळावरचा घाम हनुवटीपर्यंत आला होता. तिनं खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले, दगडाबाईच्या डोळ्यांत बघितलं आणि म्हणाली, "आनखी."

दगडाबाईनं घोटा नीट पकडला आणि आणखी दाबला.